मुस्लिहचे बारा मीटर

मुस्लिहला गप्प बसलेलं पाहिलंय असा माणूस लाल समुद्राकाठच्या आमच्या दहाबमध्ये शोधून सापडणार नाही. माझा मावसभाऊ आहे, म्हणून जरा कमीच सांगतोय. बावीस वर्षं तो पाठीला हवेची टाकी बांधून पाहुण्यांना समुद्रातलं प्रवाळ दाखवतोय. तोंडात नळीचं रबर असलं तरी त्याची बडबड चालूच. हा मासा कोण, त्याची बायको कोण, दोघांचं पटतं की नाही, सगळं तो बुडबुड्यांतून सांगायचा. कळायचं कुणालाच नाही, पण सांगणाऱ्याचं समाधान व्हायचं. आमचा धंदा भागीदारीत आहे. टाक्या भरणं, गाडी चालवणं आणि त्याचं ऐकणं ही तीन कामं माझ्याकडे.

टाक्या भरायचं आमचं यंत्र जुनं आहे. ते सुरू झालं की मागच्या गल्लीतल्या बकऱ्या चरायच्या थांबतात. इतकी वर्षं त्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती. मग एका हिवाळ्यात शेजारच्या अंगणात बिनटाकीच्या बुडीची शाळा निघाली. छातीभर श्वास घ्यायचा, दोरीच्या कडेनं डोकं खाली करून जायचं आणि त्याच श्वासावर वर यायचं, एवढंच तिथलं शिक्षण. शाळा चालवणारी द्राहोमिरा ही चेक बाई. दहाबमध्ये तिला दहा वर्षं झाली होती. आमची भाषा ती आमच्या बायकांकडून शिकली होती, त्यामुळे भांडणात तर कुठेच अडायची नाही.

रोज सकाळी तिचे विद्यार्थी चटयांवर उताणे पडून डोळे मिटून श्वास घ्यायचे, आणि नेमकी तीच आमच्या यंत्राची वेळ. पाचव्या दिवशी ती कुंपणाशी आली.

"मुस्लिह, ते धूड दहापर्यंत बंद ठेव. माझी माणसं मन शांत करतायत."

"झोपलीयत ती. तो तिसरा घोरतोय, बघ."

"श्वासाचं शिक्षण आहे ते."

"अगं, माझ्या धंद्याचा पहिला नियमच आहे, पाण्याखाली श्वास कधी म्हणजे कधीच रोखायचा नाही. फुप्फुस फाटतं! आणि तू लोकांना नेमकं तेच शिकवतेस?"

"तुझी माणसं खोलवर हवा ओढतात, ती वर येताना फुगते. माझी वरचीच हवा घेऊन जातात आणि तीच घेऊन येतात. फाटेल कशाला?"

मुस्लिह तेच आणखी मोठ्यानं बोलू लागला. नेमकी तेव्हाच त्याची सासू, हजला जाऊन आलेली हज्जा सब्हा, तीन अष्टपाद काठीला लटकवून येत होती. मुस्लिहनं काकांची मुलगी केलेली, त्यामुळे ही त्याची काकूही. वय अडुसष्ट. ओहोटीला अंगावरच्या कपड्यांनिशी खडकांत शिरायचं, डोकं पाण्यात घालायचं आणि बिळातून अष्टपाद ओढून काढायचे, हे ती लहानपणापासून करत आलेली.

"बाई खरं बोलतेय," हज्जा म्हणाली. "लेक दिली तेव्हा वाटलं होतं, जावई दर्यावर्दी आहे. पन्नाशी आली तरी हा अजून बाटलीवरच!"

"काकू, ती बाटली नाही, टाकी आहे."

"तोंडात रबर धरून ओढतोस ना? मग बाटलीच ती."

सगळं अंगण हसलं. चटईवरच्या तिसऱ्यानंही एक डोळा उघडला. द्राहोमिरानं पैज लावली. बाकावर बसून मुस्लिहनं दोन मिनिटं श्वास रोखला, तर यंत्र पहाटेपासून चालेल. नाही जमलं, तर दहापर्यंत बंद. मुस्लिह बसला, गाल फुगवले. अडतिसाव्या सेकंदाला रस्त्यावरून जुमैअची गाडी गेली आणि हा ओरडला, "अरे, मागचं चाक डगमगतंय तुझं!"

त्याचं झाल्यावर हज्जा बाकावर बसली, मेंदीच्या बोटांनी नाक दाबलं आणि एक मिनिट बावन्न सेकंदांनी विचारलं, "आता सोडू का? मला हे साफ करायचेत."

तिसऱ्या दिवशी मुस्लिह मागच्या दारानं द्राहोमिराकडे गेला. "शिकव मला. पण रुबैअला कळता कामा नये." रुबैअ म्हणजे मी. तिच्या न्हाणीघरात नळ दुरुस्त करत होतो आणि पाना हातात घेऊन सगळं ऐकत होतो.

तिनं अटी घातल्या. पाण्यात एकट्यानं कधीच सराव करायचा नाही. ज्या दिवशी टाकी लावून बुडी मारली, त्या दिवशी बिनटाकीची मारायची नाही. आणि जमिनीवर रोज श्वास रोखून पन्नास पावलं चालायचं. घरच्या सरावाला त्याच्या बायकोची, फिद्दियाची, काहीच हरकत नव्हती. "रोज दोन वेळा, दीड-दीड मिनिट," ती माझ्या बायकोला म्हणाली, "घरात पंख्याचा आवाज येतो गं. पंखा आवाज करतो हेच मला माहीत नव्हतं."

घोटाळा झाला तो रस्त्यावर. एका सकाळी मुस्लिह गाल फुगवून, लालबुंद होऊन रोटीच्या दुकानाकडे चालला होता. समोरून हाज उतैवी आले. आमच्या टोळीतले सर्वांत वडील तेच. त्यांनी सलाम केला. मुस्लिहनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि काही न बोलता तसाच पुढे गेला.

दुसऱ्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर बैठक बसली. कॉफी ओतली गेली, पण तक्रार मिटायची होती म्हणून हाजनी कपाला हात लावला नाही.

"माझा सलाम रस्त्यात पडून राहिला," ते म्हणाले. "ह्याच्या बापानं कधी असं केलं नसतं."

"हाज, मी एकोणचाळिसाव्या पावलावर होतो," मुस्लिह काकुळतीला आला. "पन्नासाव्याला वळलो, तोवर तुम्ही निघून गेलात."

त्यानं सगळं समजावलं. त्यालाही बराच वेळ लागला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "मग दाखव करून." घड्याळ माझ्याकडे दिलं. मुस्लिहनं मांडी घातली, डोळे मिटले. पन्नास सेकंद गेले. एक मिनिट झालं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. असलं काही त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक मिनिट वीस. हाज उतैवी सावकाश कॉफीच्या भांड्याकडे बघत बोलले, "मोठा पूर आला होता ना, तेव्हा ह्याच्या बापाचा उंट मीच पाण्यातून ओढून काढला."

मुस्लिहची मान ताठ झाली. कान लाल झाले. आणि मग फुटलंच, "उंट नव्हता, उंटीण होती! आणि तिला उवैमरनं काढलं! तुम्ही तर झाडावर होतात!"

मग हाजच हसले, इतके की त्यांना टेकू द्यावा लागला. डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. "ह्यानं श्वास रोखला होता, हे खरं. नाहीतर एवढा वेळ हा गप्प राहिलाच नसता." आणि त्यांनी कप उचलला.

जमिनीवर असं जमू लागलं, तरी पाण्यात बावीस वर्षांची सवय आडवी यायची. टाकीवाला सावकाश उतरतो, डोकं वर, पाय खाली. इथे उलटं लटकायचं, त्यात कान मोकळे होईनात. वर येताना सवयीनं हवा सोडायचा, द्राहोमिरा ओरडायची, "ती हवा तुझी आहे, ठेव!" हात राहूनराहून छातीवर जायचा, हवा किती उरली ते दाखवणारा काटा शोधायला. सोमवार-गुरुवार असं करता करता तीन मीटरवरून पाच, पाचावरून नऊ झाले. रमजानच्या आधीच्या आठवड्यात त्यानं जाहीर केलं की गुरुवारी बारा.

त्या दिवशी वारा पडला होता. दोरी बांधलेल्या तरंगत्या रबरी कड्याला मी धरून होतो. हज्जा काठावर चूल पेटवून बसली होती. मुस्लिहनं श्वास घेतला आणि गेला. पाण्यात तोंड घालून मी पाहत होतो. दोरीच्या टोकाशी तो पोहोचला, एका हातानं ती धरली आणि तिथेच थांबला. बाजूला प्रवाळाची भिंत होती. भिंतीकडे तोंड करून तो एखाद्या दुकानासमोर उभं राहावं तसा राहिला. द्राहोमिरा त्याला घ्यायला खाली गेली. दोघं बरोबरच वर आले.

वर आल्यावर चष्मा काढायचा, बोटांनी खूण करायची आणि 'मी ठीक आहे' म्हणायचं, असा तिथला नियम. शुद्ध हरपलेल्या माणसाला हे जमत नाही, त्यावरून कळतं. मुस्लिहनं यातलं काहीच केलं नाही. कड्याला धरून, तोंड मिटून तो समोर बघत राहिला.

चाळीस वर्षं मी ह्या माणसाला ओळखतो. तो बोलत नाही म्हटल्यावर माझी खात्रीच झाली. "गेला! मुस्लिह गेला!" मी काठाकडे ओरडलो. द्राहोमिरानं त्याच्या गालावर चापट मारली, "श्वास घे!" तो घेतच होता. हज्जा चूल सोडून कमरेइतक्या पाण्यात शिरली, हातात चिमटा तसाच.

"बोल रे!" मी त्याला हलवलं. "काहीतरी बोल!"

"पोपटमासा," तो हळूच म्हणाला. "प्रवाळ खातो ना, त्याचा आवाज येतो. कुरुम, कुरुम. कुणीतरी बिया फोडतंय तसा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बावीस वर्षं मी लोकांना तो मासा दाखवतोय, रुबैअ. माझ्या बुडबुड्यांमुळे मला कधी ऐकूच आला नाही. आज तो पळालाही नाही. माझ्याकडे बघत बघत खात होता."

"त्यात काय!" हज्जा पाण्यातून म्हणाली. "मला पोरवयापासून ऐकू येतो."

"मग सांगितलं का नाहीत, काकू?"

"तू बोलायचा थांबलास कधी?"

द्राहोमिरानं बुडी रद्द केली. खूण नाही, शब्द नाही, तर बारा मीटर नाहीत. तिथेच पाण्यात ह्यानं तिच्याशी भांडण काढलं आणि माझ्या जिवात जीव आला. पुढच्या सोमवारी त्यानं पुन्हा बारा मीटर केले आणि 'मी ठीक आहे' सलग चार वेळा म्हटलं.

आमचा टाक्यांचा धंदा चालू आहे, यंत्र दहानंतर सुरू होतं. पाहुणे विचारतात, दोन्हींत चांगलं कुठलं? मुस्लिह त्यांना बसवतो, चहा मागवतो. "टाकीनं जाणं म्हणजे एखाद्याच्या घरी पाहुणा म्हणून बसणं," तो सांगतो. "तासभर राहा, सगळ्या खोल्या बघा, पण तुमच्या गोंगाटानं घरातली पोरं लपून बसतात. बिनटाकीनं जाणं म्हणजे दारातून डोकावून विचारपूस करणं. बसायला मिळत नाही, पण घर जसं असतं तसं दिसतं." हे तो फार सविस्तर सांगतो. दुसरा चहा येईपर्यंत पाहुणे दोन्हींना तयार होतात.

बाराच्या खाली मात्र तो जात नाही. परवा द्राहोमिरा म्हणाली, "तुझी छाती चांगली आहे, पंधरा सहज होतील."

"पंधरावर काय आहे?" मुस्लिहनं विचारलं.

"वाळू. भिंत बारावरच संपते."

"मग वाळूनंच यावं वर," तो म्हणाला आणि दोरीला बारावर गाठ मारून पाण्यात उतरला.