पुढं नेलेला पेला

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलं, "गुरुजी, तुमच्या बाईंना नक्की काय झालं होतं?" की मी म्हणायचो, "उन्हाची ॲलर्जी." कुणी फारच खोदलं तर म्हणायचो, "संधिवातच म्हणा की." प्राथमिक शाळेत जन्मभर पोरांना 'पूर्ण वाक्यात उत्तर लिहा' म्हणून दटावलं, आणि स्वतः मात्र अर्ध्या उत्तरांवर दिवस काढले.

गेल्या महिन्यात ती सोय संपली. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका घरची सून आजारी आहे. गालांवर लाल चट्टे, बोटांचे सांधे सुजलेले. उपासना संपल्यावर तिच्या सासूनं मला चर्चच्या पायरीवर गाठलं.

"गुरुजी, तुमच्या बाईंला हेच हुतं ना? खरं सांगा, लागतंय का हो हे दुसऱ्याला? आमी तिचं ताट-पेला येगळा केलाय."

"न्हाई लागत," मी म्हणालो.

"मग तवा चर्चमदी तुमी बाईंला पेला का दिला न्हाई?"

मी गुडघा दुखतोय म्हणालो आणि घरी आलो. ही सासू त्या रविवारी माझ्या बायकोच्या शेजारीच गुडघे टेकून होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. म्हणून आता लिहितो. जुनं कशाला उकरता, असं म्हणणारे मंडळीत आहेत, माझ्या घरातही आहेत. त्यांनी म्हणावं. पंचाहत्तरी ओलांडली, मंडळीचं पंचपद कधीच सोडलं. आता मला कुणी कशावरून काढणार?

माझी बायको शिवणकाम करायची. कोल्हारजवळच्या आमच्या गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्या मशीनवरचे. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरतात ते पांढरं वस्त्रही तिनंच शिवलेलं, काठाला द्राक्षाची वेल भरून. एका थंडीत सकाळी तिला कात्री धरता येईना. बोटं पांढरी पडायची, मग निळसर. अंगात बारीक ताप, कंगव्यात केसांचा गुंता. वर्षभर आम्ही गावातल्या डॉक्टरांच्या दुखण्याच्या गोळ्यांवर काढलं. मग एकदा ती दिवसभर उन्हात कांदे निवडायला बसली आणि दुसऱ्या दिवशी नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला लाल चट्टा उठला. तेव्हा कुठं आम्ही नगर गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त, लघवी सगळं तपासून ल्युपस हे नाव सांगितलं. म्हणाल्या, "शरीरात जंतूंशी लढणारी एक व्यवस्था असते. तिची ओळखण्यात चूक होते आणि ती आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, कधी मूत्रपिंडांवर चालून जाते."

"म्हंजे कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन चोर सोडून कामगारांलाच बडवाय लागलाय," बायको म्हणाली.

"अगदी तसंच, मावशी."

"बरं झालं. सासूबाई गेल्यापास्नं घरात मला बोलणारं कुणी नव्हतं. आता रगतच बोलंल."

मी मास्तर, प्रश्न वहीत लिहून नेले होते. ती वही अजून आहे. पहिला प्रश्न: लागतं का? उत्तर: नाही. ताटातून नाही, कपड्यातून नाही, एका अंथरुणात झोपून नाही. त्या उत्तराखाली मी लाल शाईनं दोन रेघा मारल्या आहेत. पोरांच्या वहीत महत्त्वाच्या ओळीखाली मारायचो तशाच.

पुढचे प्रश्न मंडळीतल्या तुम्हीही मला विचारलेत, तेव्हा आता ऐकाच. माहेराहून आणलं का? नाही. एखाद्या घराण्यात कल जरा जास्त असतो, पण आईला आहे म्हणून मुलीला होणारच, असं नाही. काही पाप केलं असेल का? हा प्रश्न एका प्रार्थनासभेत उघड विचारला गेला होता, आणि मी मान खाली घालून बसलो होतो. आज बसणार नाही. हा आजार का सुरू होतो याचं एकच कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही. बायकांना जास्त होतो, पुरुषांनाही होतो. मुळापासून जातो का? नाही, पण औषधानं ताब्यात राहतो, आणि माणूस शिवतो, रांधतो, हसतो. आणि शक्ती वाढवणारा काढा? तो तर मीच केला होता, गुळवेल आणून. डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या होत्या. "गुरुजी, हिच्या अंगातली फौज आधीच चवताळलीय आणि तुम्ही तिला आणखी खुराक घालताय? काहीही देण्याआधी मला विचारा. आणि गोळ्या तर तुमच्या मनानं एक दिवसही बंद करायच्या नाहीत."

इतकं सगळं माहीत असून मी गावात येऊन सांगितलं, "उन्हाची ॲलर्जी."

का? आमच्या लोकांतल्या जुन्या पिढीनं मिशनच्या महारोग्यांच्या वसाहतीत कामं केलेली. तोंडावर चट्टा दिसला की आमच्या मनात एकच आजार येतो. तोही औषधानं बरा होतो, हे आम्हाला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी येतो. खरं नाव सांगितलं तर लोक आणखी विचारतील, म्हणून मी खोटं नाव सांगितलं. लोकांनी त्याच्या जागी आपल्याला हवं ते नाव घातलं.

त्या वर्षी हंगामाच्या सणाला, मंडळीच्या जेवणात, तिच्या टोपलीतल्या भाकरी तशाच राहिल्या. तिनं त्या घरी आणल्या. आम्ही दोघं दोन दिवस त्याच खात होतो.

"खावा," ती म्हणाली. "ॲलर्जीच्या हायत."

त्यानंतरचा महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. उपासनेआधी थोरल्या पंचांनी मला बाजूला घेतलं. "गुरुजी, लोक कुजबुजत्यात. बाईंचं आज जरा राहू द्या. कुणाचं मन दुखवायला नको." खिशातली वही काढून त्यांच्यापुढं धरायची, एवढंच काम होतं. मी मान डोलावली.

आमच्यात पाळक, म्हणजे धर्मगुरू, भाकर देतात आणि मागून पंच द्राक्षरसाचा पेला घेऊन येतो; त्या दिवशी तो पंच मी होतो. पेला एकच, सगळ्यांच्या ओठांना लागणारा. हा पेला आमच्यासाठी काय आहे ते सांगितल्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. माझ्या पणज्याला गावाच्या आडावर जाता येत नव्हतं. त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ज्या दिवशी त्यानं या पेल्याला ओठ लावले, त्या दिवशी त्याच्या आधी एक साहेब प्याला होता आणि त्याच्यानंतर गावातला एक शेतकरी, असं आमच्या घरात पोराबाळांना सांगत आले आहेत. चांदीचा नाही, नक्षीचा नाही, पण त्या पेल्याचा आम्हाला कोण गर्व! छोटे वेगळे पेले आणावेत असं मध्यंतरी निघालं तेव्हा मीच उभा राहून विरोध केला होता.

तोच पेला घेऊन मी रांगेतून चाललो. तिनं भाकर घेतली होती. डोक्यावर पदर, चेहरा वर केलेला, गालांवर तो चट्टा. मी आलोय हे पाहून ती किंचित हसलीसुद्धा. मी पेला तिच्यासमोरून उचलला आणि पुढच्या बाईच्या ओठांना लावला. बायकोचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. मग तिनं पदर पुढं ओढला. समोरच्या मेजावर तिनं भरलेली वेल होती.

घरी आल्यावर मी तयारी केलेलं वाक्य बोललो. "तुझ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते. कुणाचा खोकला-ताप तुला लागू नये म्हणून केलं."

हे खोटं नव्हतं, डॉक्टरीणबाईंनीच तसं बजावलं होतं. म्हणून तर ते खोट्याहून वाईट होतं.

"माझ्यासाठी केलं तर मला आधी इचारलं असतं," ती म्हणाली. "गुरुजी, पोरांच्या फळ्यावर पण असंच लिहायचा का?" एरवी ती मला 'अहो' म्हणायची.

ती चर्चला यायची थांबली नाही, हे मला मंडळीला मुद्दाम सांगायचंय. दर रविवारी छत्री घेऊन यायची, लोक मडम म्हणायचे. खिडकीजवळ बसायची, गाणी खड्या आवाजात म्हणायची. पेल्याच्या वेळी मात्र जागेवरून उठत नसे. मेजावरचं वस्त्र विरलं तेव्हा सुजल्या बोटांनी तिनं नवं शिवून दिलं. ते सगळ्यांनी अंथरून घेतलं. तिच्या हातचं वस्त्र चाललं, तिचे ओठ चालले नाहीत.

काही वर्षं बरी गेली. मग आजार मूत्रपिंडांवर आला. नगरच्या दवाखान्यात एकदा मी कँटीनमधून एकच चहा आणला, निम्मा प्यालो आणि तोच कप तिच्यापुढं धरला. मला वाटलं, न बोलता बोलून झालं.

तिनं कपाकडं पाहिलं, मग खोलीभर. "हितं कोण बघतंय?" म्हणाली, आणि चहा पिऊन टाकला.

तिचं म्हणणं मला बरोबर कळलं. घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती हट्टानं आली. सूचनांच्या वेळी मी उभा राहिलो. वही खिशात होती. सगळी मंडळी माझ्याकडं पाहत होती आणि खिडकीजवळून ती. मी घसा खाकरला आणि पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. तिनं गीतांचं पुस्तक उघडलं. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार तिनं पाहिला नाही.

तर पायरीवर मला गाठणाऱ्या सासूबाई, तुमच्या सुनेचं ताट आजच्या आज मांडणीत परत ठेवा. येत्या प्रभुभोजनाला पेल्यातून घ्यायचं की नाही, ते ती आणि तिचे डॉक्टर ठरवतील. पंच नाही, तुम्ही नाही, मी नाही. तिनं घ्यायचं ठरवलं तर सगळ्यांच्या आधी तिला द्या. तिच्या शेजारी मी गुडघे टेकणार आहे, गुडघा दुखला तरी, आणि तिच्यामागून त्याच पेल्यातून पिणार आहे. ज्याला उठून जायचं असेल त्यानं जावं.

आणि त्या दिवशी गीताच्या क्रमांकाऐवजी जे म्हणायचं होतं, ते हे:

बंधूंनो आणि भगिनींनो, माझ्या बायकोचा आजार कुणालाही लागत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी पेला मी तिच्यासमोरून उचलला. पंचांनी सांगितलं म्हणून नव्हे, तिच्या काळजीनं नव्हे, तुम्हाला भिऊन. ती तिथं खिडकीजवळ बसली आहे. तुम्हा सगळ्यांच्या देखत मी तिची माफी मागतो.