गेटची किल्ली पाण्याखाली

धरणाचं गेट चालवून माझे केस पांढरे झाले, त्यामुळे कोणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. यंदा गेट उचलेना. बटण दाबलं की मोटर नुसती घरघरायची. खाली कालव्यावर कांदा माना टाकत होता, त्यात माझाही अर्धा एकर होता.

घोडेगावच्या ऑफिसातून पत्र गेलं आणि तीन पाणबुडे आले. त्यांच्या म्होरक्यानं आधी टेबलावर कागद मांडले. प्रत्येकाचा परवाना, डॉक्टरचा दाखला, आजवरच्या बुड्यांची वही. "तपासून घ्या," म्हणाला. मी काय कपाळ तपासणार! गावातला एक पट्टीचा पोहणारा म्हणाला, "राव, दोन दमांत काढतो की मी." त्याला त्यांनी चहा पाजला, पण पाण्यात उतरू दिलं नाही.

मग त्यांनी मोटरच्या बटणाच्या पेटीला स्वतःचं कुलूप घातलं. माझ्या पेटीला! एक जण हेल्मेट आणि हवेची नळी लावून उतरला. दुसरा तसाच पोशाख चढवून काठावर बसून राहिला. मला वाटलं, हा फुकटच आणलाय.

आमच्याकडे विहिरीतली मोटर अडकली की खाली माणूस असतानाच वरून बटणाला एक झटका देतात. कचरा सुटतो. सगळेच करतात. तास उलटला तसा माझा धीर सुटला. कुलूप ओढून बघितलं आणि म्होरक्यावर खेकसलो, "किल्ली आणा. एक झटका देतो, लगेच सुटंल."

"माझ्याकडे नाही, भाऊ. त्याच्या गळ्यात आहे."

"पाण्याखाली?"

"नियमच आहे. तो वर येईपर्यंत गेटला कोणीच हात लावायचा नाही." त्यानं शांतपणे खालच्याच्या हेल्मेटला तारेनं जोडलेला फोन माझ्या कानाला लावला. "विचारा, काय करतोय."

खालून आवाज आला, "गेटच्या खाचेत हात घातलाय, कोपरापर्यंत. फांदी लागलीय हाताला."

मी कुलपापासून दोन पावलं मागे सरलो. गेट बोटभर जरी हललं असतं, तरी पाण्यानं तो हात ओढून नेला असता. काठावर तो दुसरा तसाच तयार बसला होता, खालच्याला काही झालं तर उतरायला, पाण्यावरची नजर न हलवता. इतकी शिस्तीची माणसं मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

फांदी निघाली. तो वर आला, गळ्यातली किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी किल्लीसकट त्याचा हात दोन्ही हातांत धरला तो सोडवेना. त्याला वाटलं, कांद्यासाठी आभार मानतोय.