वाढत्या अंगाची सायकल

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू वाईट घेतली नाही आणि एकही वस्तू वेळेवर घेतली नाही. त्यांच्या घरी पंखा आला तेव्हा माणसं रात्री चादरी अंगावर ओढू लागली होती, आणि छत्री आली ती दसऱ्याला. पंखा अजून कुरकुरत नाही, छत्रीची एक काडी वाकलेली नाही, हे मी मान्य करतो. हे लिहितानाही मला अपराधी वाटतं आहे, कारण ते कोपरखैरण्यात आमच्यापासून दोन बिल्डिंगी पलीकडे राहतात आणि आमच्या घरात कुणाला साधा ताप आला तरी पहिला जिना चढून येणारा माणूस तोच असतो. त्यात त्यांच्या हातात थर्मामीटर असतो, तोही तीन दुकानं हिंडून घेतलेला.

महाप्याच्या एका कारखान्यात ते परचेस खात्यात होते. तीन कोटेशनं आल्याशिवाय खिळासुद्धा घ्यायचा नाही, हा तिथला नियम. कारखान्यातली बाकीची माणसं सुटीच्या भोंग्याबरोबर तो नियम तिथेच ठेवून घरी जात. साडूंनी तो घरी आणला. ते कुकरच्या रिंगेला तीन कोटेशनं घेत. कलिंगड घेताना तीन गाड्यांवरची कलिंगडं वाजवून पहिल्या गाडीपाशी परत यावं, तर पहिल्याचं आवडलेलं कलिंगड विकलं गेलेलं असे. मेव्हणी म्हणायची, "मी यांचं तिसरं कोटेशन. नशीब, पहिल्या दोघींची लग्नं मधल्या काळात होऊन गेली."

अशा माणसाच्या हाती मी माझ्या मुलीची सायकल सोपवली. रेवू तेव्हा सातवीत होती. केबलवर तिने परदेशी पोरांना बुटक्या सायकलींवर गिरक्या घेताना पाहिलं आणि ती पार बदलून गेली. आमच्या बिल्डिंगीमागे एक रस्ता होता. नवी मुंबईत तेव्हा माणसांच्या आधी रस्ते यायचे. रुंद, गुळगुळीत, मधोमध दुभाजक, दिव्यांचे खांब, आणि दोन्ही बाजूंना नुसतं गवत. त्यावरून दिवसभरात घणसोली गावातल्या चार म्हशी तेवढ्या जात. रेवू म्हणाली, "बाबा, तिथून बस सुरू व्हायच्या आधी मला तशी सायकल पाहिजे. नंतर काय उपयोग?" एवढी साधी मागणी होती. पण आमच्या पगारात सायकल एकदाच होणार, ती चुकायला नको, आणि मला स्वतःला सायकलीतलं चाकापलीकडे काही कळत नव्हतं. म्हणून मी साडूंना विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळला की विचारलेलं परत घ्यावंसं वाटलं.

वाशीच्या दुकानात त्यांनी त्या सायकलीला तीन प्रदक्षिणा घातल्या.

"मडगार्ड?"

"नसतो साहेब हिला."

"कॅरिअर? स्टँड? चेनकव्हर?"

"स्टंटची आहे साहेब. उड्या मारताना तुटतं सगळं."

"म्हंजे दुकानातनंच तोडून देताय व्हय?" साडू मूळचे साताऱ्याकडचे, संताप आला की मुलूख परत येतो. मग त्यांनी खिशातून टेप काढली, रेवूचा पाय मोजला, सीटची उंची मोजली आणि माझ्याकडे वळले. "पावणं, पोरगी वाढत्या अंगाची. वरसभरात गुडघं हँडलला लागतील. मोठ्या चाकाची बघू."

वाढत्या अंगाचं म्हटलं की आपल्याकडे वाद संपतो. आमच्या पिढीने शाळेचे गणवेश बाह्या दुमडून घातले, बुटांत कापूस कोंबून पहिलीचे बूट तिसरीपर्यंत नेले. मीही मान डोलावली. रेवू कळवळून म्हणाली, "काका, ही छोटीच असते ओ! मोठी माणसं पण हीच चालवतात." साडू मायेने हसले. मोठा माणूस एवढ्याशा सायकलीवर बसेल, यावर त्यांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं.

त्यानंतर ठाणे झालं, मग तिसऱ्या कोटेशनासाठी पनवेल. पनवेलचं दुकान त्या दिवशी बंद निघालं. ते उघडं सापडेपर्यंत वाशीच्या भावाची मुदत संपली, म्हणून पुन्हा वाशी. असे फेरे चालू राहिले. मी चिडायचो, घरी भांडायचो, आणि रविवारी ते हाक मारायला आले की चपला घालून मुकाट निघायचो. मागच्या रस्त्यावर आधी खडीचे ढीग आले, मग बिल्डिंगींचे पाये, आणि एका सकाळी गवतात लाल पाटीचा बसस्टॉप उगवला. रेवू गॅलरीतून त्याच्याकडे पाहत राहिली. त्या दिवसानंतर तिने सायकलीचं नाव काढलं नाही.

शेवटी पनवेलचं दुकान उघडं सापडलं. मालक तिथल्याच गावचा, दरवाजाएवढा रुंद माणूस. मोठ्या चाकाची चौकशी ऐकून वैतागला. "दादा, ही बारकीच हाय. मोठी मानसंबी हीच चालवतान. बगा!" असं म्हणून तो त्या बुटक्या सायकलीवर बसला आणि दुकानासमोर पुढचं चाक उचलून गोल फिरला.

साडू बघतच राहिले. "म्हंजे... ही कधी लहान पडतच न्हाई?"

"कशी परंल?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुढच्या दुकानाचं नाव न काढता सायकल घेतली. परतीच्या वाटेवर एकदाच म्हणाले, "पहिल्याच दिवशी घ्यायला पायजे हुती."

रेवू तेव्हा दहावीत गेली होती. मागच्या रस्त्यावरून बस धावत होती. क्लास आणि अभ्यास यांच्या मधल्या वेळात ती पार्किंगमधल्या खांबांभोवती फिरायची. सेक्रेटरी ओरडायचे, मग थांबायची. गिरक्यांना तिथे जागाच नव्हती. एकच गोष्ट ती शिकली: पाय न टेकता सायकल जागच्या जागी उभी करायची. साडू खुर्ची टाकून बघत बसत. "बघा," ते मला म्हणाले, "स्टँड लागतच न्हाई." मग चष्मा पुसत बसले.

आता रेवू पुण्याला होस्टेलवर असते. साडूंनी कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली आहे आणि सायकल त्यांच्याकडे आहे. मागे कॅरिअर, पुढे घंटी, गुडघे थेट हँडलच्या वर, असे ते रोज दूध आणायला जातात. सेक्टरमधली पोरं हसतात. परवा मी विचारलं, "काय साडूभाऊ, कशी आहे सायकल?"

"एवढ्यात सांगत न्हाई," ते म्हणाले. "ट्रायल चालू हाय. रेवू सुटीला आली की बोलू."

आज सकाळी मी गॅलरीत होतो. मागच्या रस्त्याच्या वळणावर बस जायची होती, म्हणून ते थांबले. दोन्ही पाय पेडलवरच ठेवून, श्वास रोखून, जागच्या जागी. क्षणभरही जमलं नाही. डावा पाय पटकन खाली आला, दुधाच्या पिशव्या हिंदकळल्या. कुणी पाहिलं का म्हणून त्यांनी वर आमच्या गॅलरीकडे बघितलं, आणि मी घाईघाईने तुळशीला पाणी घालू लागलो.