गयामावशीच्या दारातले ठिपके

आज सकाळी सात वाजता मी आयुष्यात सगळ्यात खुश होतो. तेव्हा दाराच्या आत गयामावशी वारलेली होती.

हे कसं लिहायचं, खरंच कळत नाही.

गयामावशी आमच्या शेजारची. आयुष्यभर अंबाजोगाईतल्या एका कॉलेजच्या मेसमध्ये भाकरी थापल्या. ते काम सुटलं आणि साठी उलटल्यावर बाईनं दारात रांगोळी काढायला सुरुवात केली.

नवरा कधीच वारलेला. गल्लीतल्या बाया हसायच्या. "या वयात कुणासाठी गं?"

"मपल्यासाठी. माझी मला."

हात लई थरथरायचा. सरळ रेघ यायचीच नाही. मग तिनं सरळ रेघेचा नादच सोडला. कापऱ्या हातानं कापरी वेल काढायची, आणि ती अशी दिसायची की वारं सुटलंय.

म्हणायची, "हात माझं ऐकत न्हाई, मग मीच हाताचं ऐकते."

मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं, तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्या ओट्यावर. कारण सातला 'ती' तिथून बसस्टँडला जाते. कोण, ते विचारू नका.

मावशीनं चौथ्याच दिवशी ओळखलं.

"बसायचंच हाय तर ठिपके दे. माझे ओळीत पडत न्हाईत."

"मी काय पोरगी हाय का?"

"मग काय हायस?"

मी गुमान ठिपके द्यायला बसलो.

एकदा भडकून म्हणालो, "तुला काय कळतंय गं प्रेमातलं?"

चिडली नाही. "मला काय आवडतं हेच मला भाकरी सुटल्यावर कळलं, बाबा. तुला कावून एवढी घाई?"

आज गेलो तर सडा पडला नव्हता. वाटलं, डोळा लागला असेल. मीच पाणी मारलं, ठिपके दिले.

तेवढ्यात 'ती' थांबली. पहिल्यांदा बोलली माझ्याशी.

"मावशी कुठंयत?"

"झोपल्यात."

"ठिपके तुम्ही देता? मला वाटायचं त्याच. मस्त आहेत." आणि गेली.

मी येडा झालो. मावशीला सांगायला दार बडवलं. उठेना म्हणून राग आला, खोटं कशाला बोलू. शिव्या देत दार लोटलं.

मावशीचा हात थंडगार होता.

माणसं जमली. एक काका म्हणाले, "सुतकाच्या दारात रांगोळी? पुसा आधी."

डोकं सटकलं. "ही रांगोळी न्हाई! नुसते ठिपके हायत! रांगोळी ती काढणार होती!"

कॉलर धरली मी त्यांची. काका, चुकलं माझं.

आई हळूच म्हणाली, "तूच दिलेस ना? मग तूच पूस."

बसलो पुसायला. बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेलं. हात थरथरत होता. पुसायचं सोडून मधे एक कापरी रेघ उमटली. हुबेहूब तिची.

रागानं थरथरत होता का रडण्यानं, माहीत नाही. पुढचं आईनं पुसलं.

'ती' संध्याकाळच्या बसनं आली. तिला सांगितलं, मावशी सकाळी झोपल्या नव्हत्या. पुसलेल्या जागेला वळसा घालून गेली.

त्या दोन मिनिटांच्या खुशीची माफी मागू का नको, मावशी?

सुतक फिटलं की ठिपके देणार आहे. कुणासाठी, ते विचारू नका.

नीट जा मावशी. रामराम.