सकाळी काय खाल्लंस?

आमचा पैलवान मॅचआधी प्रत्येक पोराच्या हेल्मेटवर आपलं उघडं कपाळ आपटायचा. कपाळ फुटायचं, रक्त भुवईत उतरायचं आणि हा गडी हसत पुढच्या पोराकडे. बायकोने एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा माणूस शिकवणार आपल्या इशानला?" पुन्हा ती मॅचला आली नाही.

अमेरिकेतल्या चँडलर गावात, इशानच्या शाळेत तो फुटबॉलचा कोच होता. फुटबॉल अमेरिकन, म्हणजे पायाचा संबंध कमी आणि मारामारीचा जास्त. त्याचे आईबाप मेक्सिकोहून भाजीच्या मळ्यांत राबायला आलेले. हा कॉलेजच्या टीमकडून खेळला आणि तीनदा नाक मोडून घेतलं. नाव रूबेन. आमच्या घरात मात्र तो पैलवानच.

सरावात तो छातीला गादी लावत नसे. "मला मार, मिहो!" असं ओरडायचा. मिहो म्हणजे बाळा. बाळं अंगावर येऊन आदळली की म्हणायचा, "एवढंच?" इशानने त्याची एक बरगडी मोडली, तर आठवडाभर ती साऱ्या शाळेला कौतुकाने दाखवत हिंडला.

डोक्याच्या बाबतीत मात्र भलताच कडक. मॅचच्या दिवशी प्रत्येकाचा नाश्ता विचारून स्वतःच्या हातावर मार्करने लिहायचा. कुणाचं डोकं आपटलं की प्रश्न ठरलेला, "सकाळी काय खाल्लंस?" उत्तर चुकलं की पोरगा बाहेर. "माझं डोकं कामातून गेलंय," म्हणायचा. "मला हे विचारायला कुणी नव्हतं."

शेवटच्या वर्षी एका कॉलेजचा माणूस इशानला बघायला आला. त्याला इशान आवडला असता तर स्कॉलरशिप नक्की होती. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या दोघांनी इशानला दोन्हीकडून असं चेचलं की तो आवाज अजून माझ्या कानात आहे. उठला, पण समोरच्या टीमच्या बाकाकडे चालू लागला. पैलवानाने त्याला धरून आणलं आणि प्रश्न विचारला. इशान नुसता बघत राहिला.

मी कुंपणाशी उभा होतो. आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नव्हतं. मी ओरडलो, "उपमा! अरे इशान, उपमा सांग!"

"उपमा," इशान म्हणाला.

पैलवानाने हातावर पाहिलं, मग माझ्याकडे. कुंपण ओलांडून आला, माझी गचांडी धरली आणि मला जाळीवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. ओठ फाटला, दात पडला. "पोरगा मेला असता!" तो माझ्या तोंडावर ओरडला. मग इशानला उचलून ॲम्ब्युलन्सकडे धावला.

इशानच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. आणखी एक टक्कर बसली असती तर हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

शाळेने चौकशी केली. लोकांच्या फोनमध्ये फक्त माझी गचांडी होती. "तो चिडेल असं तुम्ही काही केलंत?" त्यांनी विचारलं. शेजारी बायको बसली होती. मी म्हणालो, "नाही."

पैलवानाची नोकरी गेली. तो सामान पिकअपमध्ये भरत होता तेव्हा मी गेलो. लाज वाटत होती, रडू येत होतं. "तू खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"इशानला त्या दिवसाचं काही आठवतं?"

"काही नाही."

"मग राहू दे तसंच. त्याला बाप लागेल." त्याने गाडीचं दार आपटलं आणि निघून गेला.

इशान आता बरा आहे, नोकरी करतो. पैलवानाचा विषय निघाला की अजून त्याचा चेहरा लाल होतो. "ही हिट यू, बाबा! मी त्याला कधीच फरगिव्ह करणार नाही," म्हणतो.

मी खाली मान घालून जेवत राहतो.