भरताची मिरची

भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आम्हाला क्वार्टर मिळालं तेव्हा घरामागची मोकळी जागा पाहून मी ठरवलं, इथे मिरची लावायची, आणि तीही बियांपासून. माझं माहेर जळगावजवळच्या असोद्याचं. तिकडे भरताचं वांगं जितकं पारखून घेतात तितकीच मिरचीही. भरताला लांब, पोपटी, पातळ सालीची आणि बेताच्या तिखटाची मिरची लागते. ठेच्याची मिरची वेगळी, ती बुटकी, गडद हिरवी, जाळ असलेली. तिखट करायला वाळवायची मिरची तर आणखी निराळी. तिला जागा फार लागते म्हणून मी सोडून दिली. पहिल्या दोन नक्की केल्या.

मे महिन्यात मी आणि माझे मिस्टर मोटारसायकलवर जळगावला बियाण्यांच्या दुकानात गेलो. मी दुकानदाराला काय हवं ते सांगायला लागले. त्याने माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. मिस्टरांकडे बघून विचारलं, "भाऊ, किती एकर?" ते म्हणाले, घरामागे लावायचीय. दुकानदार हसला. मी पुन्हा सांगितलं, एक पोपटी, लांब, भरतासाठी, आणि एक बुटकी, ठेच्यासाठी. त्याने हूं म्हटलं, एका फोडलेल्या पाकिटातलं बी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलं, आणि तसंच दुसरं. दोन्ही पुड्या माझ्या नव्हे, मिस्टरांच्या हातात दिल्या.

मी वाफा केला, रोपं वाढवली, पाऊस स्थिरावल्यावर लावली. पानं आकसवणारा बोकड्या रोग दिसला की ती पानं खुडून टाकायची, सांजेला पाणी द्यायचं. झाडं छान झाली. फळं धरली तेव्हा मात्र मला काही कळेना. दोन्ही ओळींत सारखीच मिरची. आखूड, फुगीर, जाड सालीची. चावून पाहिली तर काकडी खाल्ल्यासारखं वाटलं.

तरी मी थंडीची वाट पाहिली, पिकताना तिखट होईल म्हणून. हिवाळ्यात मिस्टरांचे ऑफिसातले लोक भरीत खायला आले. वांगी असोद्याहून आणलेली, तुराट्यांवर भाजलेली. बडजीत, म्हणजे आमच्याकडच्या भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, मी घरची मिरची आणि लसूण कुटला. पाहुण्यांनी दोन-चार घास खाल्ले. मग एकाने हळूच विचारलं, वहिनी, वरून थोडं तिखट मिळेल का? खान्देशात भरतावर कुणी वरून तिखट मागितलं, म्हणजे करणारीला काय वाटतं ते मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर मिरच्या तोडल्या आणि मिस्टरांना म्हटलं, जळगावला चला. ते म्हणाले, जाऊ दे ना, मिरचीच तर आहे. मी चप्पल घालून बाहेर जाऊन उभी राहिले.

दुकानात उन्हाळी मिरचीच्या बियाण्यासाठी शेतकरी आले होते. मी मिरच्या काउंटरवर ओतल्या. दुकानदार मिस्टरांना सांगू लागला की, माती तशी असेल, पाणी जास्त झालं असेल, वहिनींना समजावा.

"मी इथे उभी आहे," मी म्हटलं. "बी मी मागितलं, झाडं मी वाढवली. माझ्याशी बोला."

तो वैतागला आणि खरं बोलून गेला. "बाई, घरच्या चार रोपांसाठी कोण एवढं बघतं? उरलेलं जे असतं ते देतो आम्ही."

माझ्या शेजारी यावलकडचे एक वयस्क आबा पाकीट हातात घेऊन उभे होते. त्यांनी ते पाकीट परत काउंटरवर ठेवलं. "मग मले जे देऊन राहिले, ते तरी पाहून देता का?" त्यांनी विचारलं. दुकानदार गडबडीने त्यांना समजावायला लागला. मला त्याने नवं पाकीट फुकट देऊ केलं. मी ते घेतलं नाही. आबाही बाहेर पडले.

वाटेत मिस्टर म्हणाले, चारचौघांत इतकं बोलायला नको होतं. दुकानदाराचा आला नव्हता इतका राग मला त्यांचा आला. पाहुण्यांसमोर मान माझी खाली गेली होती, त्यांची नाही. तेवढं मी त्यांना गाडीवर मागे बसूनच सुनावलं.

पुढच्याच रविवारी एकटी बसने असोद्याला गेले. भावाच्या मळ्यात वहिनीने घरापुरती मिरची राखलेली. ती म्हणाली, हवी तेवढी ने. मी ओळीओळीने फिरले. ज्या झाडाला रोग नाही आणि मिरच्या सरळ लांब, त्याचीच एकेक मिरची शेंड्याकडून चावत गेले. ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी बांधावर बसून हसत होती. म्हणाली, "तुले येड लागलं का व?" पटलेल्या झाडांवरच्या लाल मिरच्या मी फडक्यात बांधून आणल्या आणि सावलीत वाळवल्या.

यंदा त्या बियांची झाडं परसात उभी आहेत. बहुतेक पोपटी आणि लांब आहेत. एक-दोन झाडं भलतीच तिखट निघाली, त्यांची मी ठेच्यासाठी सोय लावली. मिस्टर आता मिरची तोडायच्या आधी मला विचारतात.

परवा शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंनी बी मागितलं. मी आधी विचारलं, तुम्हाला मिरची कशासाठी हवी? त्या गोंधळल्या, म्हणाल्या, असं कुणी विचारत नाही. मी त्यांना आत बोलावलं, दोन्ही मिरच्या चाखायला दिल्या आणि त्यांना आवडली तिचं बी दिलं.