नेरच्या गाडीतला छाती धरून बसलेला

नेरच्या एसटीत मी लेकराले कडेवर घेऊन चढली. बाजूच्या जवान माणसाले म्हटलं, "भाऊ, माही बॅग वरते ठेवा ना." त्यानं मुकाट्यानं ठेवली अन् धपकन बसला. तोंड पांढरंफटक, शर्टावर रक्त!

छातीवर हात दाबून म्हणे, "बायांसारखी छाती होती, वैनी. चार दिवसाआधी आपरेशन केलं. डॉक्टरनं हात वर करू नको म्हटलं होतं."

"मंग कायले उचलली?"

"नाही म्हटलं असतं तं कारण सांगा लागलं असतं. पोळ्याले बैल धुतानाबी कधी शर्ट नाही काढला म्या."

कंडक्टर धावत आला, "काय झालं?" तो हळूच मले म्हणे, "सांगू नका, वैनी."

मी म्हटलं, "पडले हो ते! गाडी दवाखान्यात घ्या पहिले!"

जिवापेक्षा लाज एवढी मोठी असते काय?